खिमा, कोरिया आणि लातूरचं सोयाबीन

मंडळी, हल्ली घराघरात कोरिया शिरलाय. लॉकडाऊनच्या दिवसांत, म्हणजे 2020 मध्ये, मुलींनी कोरियन मालिका बघायला सुरुवात केली आणि मालिका बघता बघता त्यातली जेवणंही बघितली. मग स्वयंपाकघरात फर्माईश यायला लागली. त्यातली सगळ्यात सोपी फर्माईश म्हणजे "कोरियन खिमा". एक कढई, अर्धा किलो खिमा, सोया सॉस, थोडी साखर, लसूण, आलं, लाल मिरची, वरून कांद्याची पात आणि तीळ. शेजारी भात. चिकनचा असेल तर वीस मिनिटांत ताटात, मटणाचा असेल तर थोडा जास्त वेळ.

नांदेड-लातूरकडच्या माणसाने ही कृती वाचली की तो पहिल्यांदा हसतो. खिमा आम्हाला कोरियाने शिकवायचा? पण जरा नीट बघितलं तर या एका कढईत तीन वेगवेगळे इतिहास येऊन पडलेले दिसतात. खिम्याचा, मिरचीचा आणि सोयाबीनचा. त्यातला तिसरा मला जास्त अस्वस्थ करतो. तिथे शेवटी येऊ. आधी खिमा.

'खिमा' हा शब्द मुळात तुर्की. बारीक चिरणे या अर्थाच्या 'कियमाक' या क्रियापदावरून 'कियमा', त्याचं फारसीत 'कीमा' झालं आणि फारसीबरोबर तो हिंदुस्थानात आला. गंमत म्हणजे हाच शब्द तुर्कांबरोबर दुसऱ्या दिशेलाही गेला. ग्रीसमध्ये आजही खिम्याला 'किमास' म्हणतात. म्हणजे अथेन्सचा खाटीक आणि देगलूरचा खाटीक एकाच शब्दाने धंदा करतात. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेल्या इब्न बतूताने दिल्लीच्या तुघलक दरबारातल्या समोशाचं वर्णन करून ठेवलंय. आत बारीक केलेलं मांस, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले. अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या 'आइन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी आहे. त्यात 'कीमा पुलाव' आहे आणि 'कीमा शोरबा'ही आहे. त्या यादीत आलं आहे, मिरी आहे, लवंग-दालचिनी आहे, पण एक गोष्ट शोधून सापडत नाही. ती म्हणजे लाल मिरची.

आपल्या भागाचं म्हणाल तर आमच्या उमरग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेलं बसवकल्याण हे एके काळचं कल्याणी. चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय काय उपभोगावं याचा तो कोशच आहे, आणि त्यात अन्नाचं स्वतंत्र प्रकरण आहे. सळईवर भाजलेलं मांस, हिंगाच्या पाण्यात मुरवलेलं मांस, आलं, मिरी, सैंधव... वाचताना तोंडाला पाणी सुटतं. म्हणजे मांस कसं शिजवावं याचा विचार मराठवाड्याच्या वेशीवर नऊशे वर्षांपूर्वी तपशीलवार चालू होता. खिमा हा शब्द नंतर आला, चव ओळखणारी जीभ आधीपासून होती. आणि तिथेही मिरची नाहीच.

पुढे बहामनी आले, बीदर राजधानी झालं, मग बरीदशाही, निजामशाही, मुघल, आणि 1724 पासून हैदराबादचे निजाम. कंधार, औसा, उदगीर हे किल्ले या सगळ्यांच्या हातातून गेले. लोकांना 1760 ची उदगीरची लढाई आठवते, कारण तीत सदाशिवरावभाऊ जिंकले आणि मग पानिपतावर गेले. पण दोनशे-सव्वादोनशे वर्षं आपण हैदराबादच्या राज्यात होतो, याचा परिणाम लढायांपेक्षा जास्त ताटात झाला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची सत्ता संपली, 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. ताट मात्र इतक्या झटपट राज्य बदलत नाही. आमच्याकडे चिंच-खोबरं-तीळ-शेंगदाण्याचा जो संगम भाजीत आणि रश्श्यात दिसतो, तो पुण्याच्या स्वयंपाकापेक्षा हैदराबादला जवळचा आहे. हैदराबादेत सकाळच्या नाश्त्याला खिचडी, खिमा आणि चिंच-तिळाचा 'खट्टा' खातात. नांदेडच्या माणसाला ते ताट परकं वाटत नाही.

आता एक गोष्ट बघा. आमच्याकडे गावातल्या मोठ्या जेवणात खिमा नसतो. जत्रेत नसतो, कंदुरीत नसतो. कंदुरी म्हणजे दर्ग्याला नवस फेडायला कापलेल्या बोकडाचं जेवण, आणि मराठवाड्यात ते हिंदूही घालतात, मुसलमानही. बोकड कापायला मुलाणी, तो गावगाड्यातला हक्काचा माणूस. तिथे मटण हाडासकट, मोठ्या पातेल्यात, लालभडक रश्श्यात. कारण मला असं वाटतं की पंगतीत फोड मोजता आली पाहिजे. कुणाला किती आलं ते दिसलं पाहिजे. मुंडी कुणाची, पाय कुणाचे, हे ठरलेलं असायचं. खिम्यात हा हिशोब करताच येत नाही. खिमा हा घरातला पदार्थ आहे, आणि तोही मुख्यतः गावापेक्षा शहरातल्या घरातला. तो करायला एक तर खाटकाने लाकडी ओंडक्यावर दोन सुऱ्यांनी वेळ घालवायला हवा, नाहीतर यंत्र हवं. दाणेदार लागतो तो हाताचा आणि लगदा होतो तो मशीनचा, हे खाणाऱ्यांना सांगायला नको. आणि खिम्यात काय गेलंय ते दिसत नाही, म्हणून जाणती गिऱ्हाइकं अजूनही आधी मांस निवडतात आणि म्हणतात, "समोर करून द्या."

पण खिम्याचा खरा इतिहास मला वेगळाच वाटतो. तो हिशोबाचा इतिहास आहे. पावशेर मटणाच्या फोडी केल्या तर माणशी दोन येतात आणि भांडण होतं. त्याच पावशेराचा खिमा करून त्यात बटाटा घाला, मटार घाला, हरभऱ्याची डाळ घाला, मेथी घाला, की आठ माणसं जेवून उठतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपण मटण खाल्लं. जगभर खिम्याने हेच केलंय. अमेरिकेत हॅम्बर्गर याच हिशोबाने वाढलं. आणि हा 'कोरियन खिमा'सुद्धा खरं म्हणजे कोरियातला नव्हेच. कोरियातली मूळ वस्तू 'बुलगोगी'. बुल म्हणजे आग, गोगी म्हणजे मांस. गोमांसाचे पातळ काप सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल आणि किसलेल्या नासपतीत मुरवून निखाऱ्यावर भाजायचे. 1965 साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला, त्यानंतर कोरियन कुटुंबं मोठ्या संख्येने तिकडे गेली. त्यांची चव तिथल्या स्वयंपाकघरांत पसरत गेली, आणि पातळ कापांऐवजी तिथला स्वस्त खिमा वापरून, निखाऱ्याऐवजी तव्यावर, ही घाईची आवृत्ती तयार झाली. ती आता फिरून मोबाईलवरून लातूरला आलीय.

'एकाच भांड्यात' हे शब्द आज सोयीचे म्हणून विकले जातात. भांडी कमी पडतात, वेळ वाचतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे ऐकून नवल वाटलं असतं. त्यांच्या घरात एकच भांडं होतं म्हणून एका भांड्यात शिजत होतं. चूल एक, सरपण मोजकं, आणि दिवसभर शेतात राबून आलेली बाई एक.

या बाजूचं लिखाण वाचायचं असेल तर शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' जरूर वाचा. 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाण्याबद्दल इतकं सरळ लिहिलेलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. 2024 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं आणि मग आपल्याकडच्या अनेकांना ते कळलं, हेही आपल्या रीतीला धरूनच झालं. त्यात चान्यांबद्दल वाचायला मिळतं. मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या आणि टंचाईच्या दिवसांत पुरवून वापरायच्या. मांस म्हणजे बोकडाचंच, हे सगळ्या घरांना लागू नव्हतं. ज्यांना बोकड परवडत नव्हता त्यांच्याकडे काय शिजायचं, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गोहत्येवर बंदी आली आणि 2015 च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. स्वस्त मांस कुणाच्या ताटातून गेलं, हा प्रश्न पाककृतींच्या पुस्तकांत येत नाही.

कोरियाचंही असंच आहे बरं का. तिथे 'बुदे जिगे' नावाची एक आमटी आज हॉटेलांत चवीने खातात. नावाचा अर्थ सैन्याच्या छावणीची आमटी. 1950 ते 1953 च्या युद्धानंतर माणसं उपाशी होती, तेव्हा अमेरिकन छावण्यांतून बाहेर येणारं डबाबंद मांस आणि सॉसेज किमचीबरोबर उकळून खात. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेली पिढी अजून आहे. तो मिलोही, म्हणजे ती लाल ज्वारी, परदेशातूनच आली होती. फरक एवढाच की कोरियाने भुकेची ती आठवण पदार्थ म्हणून ताटात ठेवली. आपण मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो.

त्या युद्धात मराठी माणसाचंही एक काम आहे. युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी होते. त्यांच्यावर देखरेख ठेवायला भारताने जे सैन्य पाठवलं, त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून बोटीवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट सैन्यरहित पट्ट्यात नेलं. तिथल्या आपल्या छावणीचं नाव होतं हिंद नगर. 1954 च्या सुरुवातीला काम संपवून ते परतले. असो. कोरियाशी आपला संबंध मालिकांच्या पुष्कळ आधीचा आहे, एवढंच सांगायचं होतं.

आता मिरची. कोरियन जेवण लालभडक असतं, आमचंही असतं. दोघांनाही वाटतं की मिरची आपली, अगदी अनादिकाळापासूनची. खरं म्हणजे ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर आणली. आपण तिला नवं नाव देण्याचीही तसदी घेतली नाही, मिरीवरून मिरची म्हटलं आणि मोकळे झालो. कोरियात 1614 च्या एका ग्रंथात तिचा उल्लेख येतो आणि तिथे तिला 'जपानी मोहरी' अशा अर्थाचं नाव आहे. म्हणजे दोघांकडेही ती पाहुणी म्हणून आली आणि घरमालक होऊन बसली. शंभर-दोनशे वर्षांनी या सोया सॉसवाल्या खिम्यालाही कुणी 'अस्सल लातुरी' म्हणालं तर आपण हसू नये.

पण सोया सॉस मराठवाड्यात कोरियामार्फत आला नाही. तो आला चायनीजच्या गाडीवरून. कोलकात्यातल्या चिनी वस्तीत भारतीय जिभेसाठी घडलेला तो स्वयंपाक, त्यात 1975 च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी केलेल्या चिकन मंचुरियनची भर (श्रेय त्यांनाच दिलं जातं), आणि मग लाल रंगाची ती गाडी तालुक्या-तालुक्याला पोचली. तीन बाटल्या ओळीने उभ्या. लाल, हिरवी आणि काळी. काळी बाटली म्हणजे सोया सॉस. ती बाटली ज्या रस्त्यावर उभी असते, त्याच रस्त्यावरून हंगामात सोयाबीनचे ट्रॅक्टर लातूरच्या आडत बाजाराकडे जातात. त्या बाटलीचा आणि ट्रॅक्टरमधल्या पोत्यांचा काही संबंध आहे, हे फार कुणाच्या मनात येत नाही.

आणि इथे मी अडकतो. लातूर म्हणजे सोयाबीन, हे आज शेंबडं पोरगंही सांगेल. खरिपात मूग, उडीद, खरीप ज्वारी, कापूस होता तिथे गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने जागा घेतली. कारणं साधी आहेत. शंभर-एकशे दहा दिवसांत पीक हातात येतं, रोख पैसे मिळतात, आणि मागे रब्बीला हरभरा घेता येतो. शेतकऱ्याचं काहीच चुकलं नाही. पण ज्वारी होती ती भाकरी होऊन घरात यायची, कडबा होऊन गोठ्यात जायची. मूग-उडीद वरणात यायचे. करडईचं तेल घाण्यावरून घरी यायचं. सोयाबीन घरात येत नाही. पोत्यात भरून जातं, आडतीवर उतरतं, तिथून कारखान्यात. दाण्यात साधारण अठरा टक्के तेल आणि चाळीस टक्के प्रथिनं असतात. तेल पिशवीत भरून किराणा दुकानात येतं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते किंवा परदेशी जाते. भाव त्या पेंडीच्या आणि तेलाच्या जागतिक बाजारावर ठरतो. 2024-25 च्या हंगामात सरकारी हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकायची वेळ अनेकांवर आली. घरात खायचं पीक असतं तर निदान दोन पोती ठेवून घेता आली असती.

सोयाबीन खाता येत नाही असं नाही. नागालँडमध्ये त्याचं आखुनी करतात, मणिपुरात हवाईजार, सिक्कीममध्ये किनेमा. सगळे आंबवलेले प्रकार. कोरियातही तेच, दोएनजांग आंबवलेल्या सोयाबीनचं आणि गोचुजांग त्यातच मिरची घालून. आंबवण्याला महत्त्व आहे, कारण नुसता सोयाबीनचा दाणा पचायला जड आणि वासाला उग्र. त्या त्या लोकांनी शेकडो वर्षांत त्यावर उपाय शोधला. आपल्याकडे गांधीजींनी 1935 मध्ये वर्ध्याला मगनवाडीत सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळावीत एवढाच हेतू. ते रुजलं नाही. नंतर सोयाबीन आलं ते शेतात आलं, स्वयंपाकघरात नाही.

एक अपवाद आहे, आणि तो नेमका खिम्याचाच. तेल काढून उरलेल्या पिठाचे जे दाणे बाजारात मिळतात, त्यांना आपण म्हणतो 'सोया खिमा'! शाकाहारी घरांत, वसतिगृहांत, खानावळींत तो होतो. आणि मटण परवडत नाही त्या घरांतही होतो. खिम्याचा तो जुना हिशोब इथे पूर्ण झाला म्हणायचा. आधी पावशेर मटणात डाळ घालून वाढवलं, आता मटणच काढून टाकलं. आणि चिकनचा खिमा करत असाल तर तेही ऐका. दुकानातली ब्रॉयलर कोंबडी सोयाबीनच्या पेंडीवर वाढलेली असते. म्हणजे चिकनच्या त्या कोरियन खिम्यात सोयाबीन तीनदा आलं. एकदा तेल म्हणून, एकदा सॉस म्हणून, एकदा कोंबडी म्हणून. प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणीतरी मधे पैसे कमावून.

काकू, तुम्ही मघापासून कृतीची वाट बघताय हे माहीत आहे, तर घ्या.

अर्धा किलो खिमा चार माणसांना. लोखंडी कढई चांगली तापू द्या, अगदी थोडं तेल, मिळाली तर करडई. खिमा पसरा आणि दोन-तीन मिनिटं हलवू नका. सारखा हलवला तर पाणी सुटून नुसता उकडतो, पाणी आटून तो खालून तपकिरी झाला की खरी चव येते. मग आठ-दहा लसणाच्या पाकळ्या आणि इंचभर आलं ठेचून परता. मटणाचा असेल तर अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा आणि वीसेक मिनिटं मऊ होऊ द्या. चिकनला पाच-सात मिनिटं पुरतात. नंतर तीन मोठे चमचे सोया सॉस, दीड चमचा गूळ आणि जाडसर लाल तिखट. गूळ शेवटी, आधी घातला तर करपतो. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, सॉस मुळातच खारट असतो. रस आटून खिम्याला चकाकी आली की गॅस बंद. वर कांद्याची पात आणि भाजलेले तीळ.

कोरियन लोक भाताबरोबर खातात. ज्वारीच्या भाकरीबरोबर जास्त चांगला लागतो, हे माझं मत. आणि ज्यांच्या शेतात सोयाबीन आहे त्यांनी या खेपेला पायलीभर घरी ठेवून बघा. भिजवून, साल काढून, चांगलं शिजवून उसळ करा, पिठात मिसळा, जे जमेल ते. कुठल्या रीतीने ते आपल्या जिभेला रुचतं, हे कळायला कदाचित दोन पिढ्या जातील. मिरचीलाही वेळ लागलाच होता.